आधीच्या ग्रंथांची साक्ष

सोलापुरात बेगम पेठेतल्या किंवा विजापूर वेशीजवळच्या एखाद्या मकतबात मुलाचे अलिफ-बे शिकून झाले, की त्याच्याकडून 'ईमान-ए-मुफस्सल' पाठ करून घेतात. मुसलमानाने कशाकशावर श्रद्धा ठेवायची, ते त्यात ओळीने येते: अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, अखेरचा दिवस, तकदीर आणि मरणानंतरचे जिणे. या यादीतला ग्रंथ एकटे कुरआन नाही. हजरत मूसांची (मोशेची) तौरात, हजरत दाऊदांची जबूर आणि हजरत ईसांची (येशूची) इंजील हेही ईश्वराकडून आलेले ग्रंथ आहेत, हे सहा-सात वर्षांचे ते मूल कुरआनाचे पहिले पान नीट वाचता येण्याआधीच मान्य करून बसलेले असते.

आपल्याकडची नावे पाहिली तरी हे ध्यानात येते. मोहल्ल्यात इब्राहीम, याकूब, यूसुफ, दाऊद, सुलेमान आणि मरियम भेटतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशन सोलापुरात आले. त्या परंपरेतल्या ख्रिस्ती घरांत तीच माणसे अब्राहाम, याकोब, योसेफ, दावीद, शलमोन आणि मरिया होतात. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या बेने इस्राएलांच्या घरांतही, मरियाचे नाव वगळता, हीच नावे मिळतात. तिन्ही समाजांना ही माणसे ग्रंथांतून माहीत झाली आहेत आणि त्या ग्रंथांच्या गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत.

तरीही ग्रंथांचा विषय निघाला की वाद पेटतो. मुसलमान म्हणतो, आधीचे ग्रंथ मूळचे खरे होते, पण पुढे लोकांनी ते बदलले. ख्रिस्ती उलट विचारतो, तुमचेच कुरआन त्यांना प्रकाश म्हणते, मग ते खोटे कधी झाले? दोघेही कुरआनातल्याच आयती पुढे करतात आणि दोघांच्याही आयती खऱ्या असतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या आयती शेजारी ठेवून वाचायला हव्यात. तसे वाचले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. कुरआन आधीच्या ग्रंथांचा सन्मान करते आणि दोष प्रामुख्याने त्यांच्या राखणदारांना देते. 'मूळ मजकूरच उरला नाही' हा निष्कर्ष पुढच्या विद्वानांनी मांडला आणि त्यावर त्यांच्यातही कधी एकमत झाले नाही.

प्रकाश आणि मार्गदर्शन

कुरआनाची दुसरी सूरा सुरू होताच चौथ्या आयतीत खऱ्या श्रद्धावंताची खूण सांगितली आहे. मुहंमदांवर जे उतरले ते आणि त्यांच्या आधी जे उतरले ते, असे दोन्ही तो मानतो. याच सूरेची १३६वी आयत इब्राहीम, इस्माईल, इसहाक, याकूब, मूसा आणि ईसा यांची नावे घेऊन बजावते, की या प्रेषितांत आम्ही भेदभाव करत नाही. तिसऱ्या सूरेच्या आरंभी तौरात आणि इंजील लोकांना वाट दाखवण्यासाठी पाठवल्याचा उल्लेख आहे. कुरआन स्वतःची ओळख मागच्या ग्रंथांना खरे ठरवणारा ग्रंथ अशी करून देते. मुस्लिम विद्वान यालाच 'तस्दीक' म्हणतात, म्हणजे दुजोरा.

पाचव्या सूरेत, म्हणजे 'माइदा'मध्ये, हा विषय सर्वांत विस्ताराने येतो. तौरातीत मार्गदर्शन आणि प्रकाश आहे, असे ४४वी आयत म्हणते. ४६वी आयत इंजीलबद्दल हेच सांगते. ४७व्या आयतीत इंजीलवाल्यांनी आपल्या ग्रंथाप्रमाणे निवाडा करावा, अशी आज्ञा आहे. तौरात आणि इंजील नीट पाळत नाही तोवर तुम्ही कशावरच उभे नाही, असे ६८वी आयत ग्रंथधारकांना, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती लोकांना, सुनावते. दहाव्या सूरेची ९४वी आयत तर याहून पुढे जाते. उतरलेल्या वचनाबद्दल शंका असेल तर आधीपासून ग्रंथ वाचत आलेल्यांना विचारून पाहा, असे ती म्हणते. हे प्रेषितांना उद्देशून आहे की त्यांच्या आडून ऐकणाऱ्यांना, यावर भाष्यकारांनी पुष्कळ चर्चा केली. पण ज्याची साक्ष काढायची तो ग्रंथ साक्षीपुरता तरी भरवशाचा धरला आहे, हे उघड आहे.

काही ठिकाणी कुरआन आधीच्या ग्रंथातली वाक्ये जवळजवळ जशीच्या तशी आठवते. एकविसाव्या सूरेची १०५वी आयत सांगते, की सज्जनांना पृथ्वीचे वतन मिळेल असे आम्ही जबूरमध्ये लिहून ठेवले आहे. मराठी बायबलातली स्तोत्रसंहिता उघडून ३७व्या स्तोत्राचे २९वे वचन वाचावे. आशय तोच आहे. 'माइदा'ची ४५वी आयत जिवासाठी जीव आणि डोळ्यासाठी डोळा हा तौरातीचा कायदा म्हणून देते. तो निर्गमाच्या २१व्या अध्यायात आजही आहे. एक जीव घेणे म्हणजे साऱ्या मानवजातीचा जीव घेणे, हे आपल्याकडे भाषणांतून नेहमी ऐकू येणारे तत्त्वही इस्राएलवंशीयांना घालून दिलेला नियम म्हणूनच ३२व्या आयतीत येते. ते मूळ तौरातीत नसून मिश्ना या यहुदी धर्मशास्त्राच्या संग्रहात आहे. अरबस्तानातल्या यहुदींशी बोलताना कुरआनासमोर त्यांचा लिखित ग्रंथ होता, तशी त्यांची पाठांतराने चालत आलेली परंपराही होती, असे यावरून दिसते.

हाताखाली झाकलेले वचन

मग आरोप कुठून आला? तो समजायला मदीनेतला एक प्रसंग उपयोगी पडतो. इमाम बुखारींच्या हदीस-संग्रहात तो आला आहे आणि 'माइदा'च्या ४१ ते ४३ या आयतींवर लिहिताना भाष्यकार तो आवर्जून सांगतात.

व्यभिचाराचा आरोप असलेल्या एका स्त्री-पुरुषाला घेऊन काही यहुदी प्रेषित मुहंमदांकडे न्याय मागायला आले. तुमच्या तौरातीत याला काय शिक्षा आहे, असे प्रेषितांनी विचारले. फटके मारायचे आणि बेअब्रू करायची, असे उत्तर मिळाले. तिथे अब्दुल्लाह इब्न सलाम बसले होते. ते स्वतः मदीनेतले यहुदी विद्वान होते आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला होता. हे खरे नाही, तौरातीत दगडांनी मारण्याची शिक्षा आहे, असे ते म्हणाले. तौरात आणून उघडली गेली. वाचणाऱ्याने नेमक्या त्या वचनावर हात ठेवला आणि त्याच्या आधीचा व नंतरचा मजकूर वाचून दाखवला. इब्न सलामांनी त्याला हात उचलायला लावला, तेव्हा वचन खाली तसेच होते.

या प्रसंगात ग्रंथ बदललेला नाही. वचन जागेवर आहे, झाकले आहे ते वाचणाऱ्याच्या हाताने. आज तौरातीतल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा २२वा अध्याय उघडला तरी ती शिक्षा तिथे मिळते. 'माइदा'ची ४३वी आयत नवलाने विचारते, की यांच्याजवळ तौरात आहे, तिच्यात ईश्वराचा निवाडा आहे, तरी हे तुझ्याकडे न्याय मागायला का येतात? तिसऱ्या सूरेच्या ९३व्या आयतीतही खाण्याच्या निषिद्धांवरून वाद चालला असताना, खरे बोलत असाल तर तौरात आणा आणि वाचून दाखवा, असे आव्हान आहे. आव्हान देणाऱ्याला ग्रंथातला मजकूर आपल्या बाजूने उभा राहील याची खात्री आहे.

आरोप नेमका कोणता?

आता दुसऱ्या बाजूच्या आयती पाहू. त्यांतल्या बहुतेक मदीनेच्या काळातल्या आहेत. मक्केत ग्रंथधारकांची साक्ष काढण्याचा सूर अधिक होता. मदीनेत यहुदी कबिल्यांशी रोजचा संबंध आला, पुढे नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाशी चर्चा झाली आणि तक्रारीही वाढल्या. त्या तक्रारी एकाच प्रकारच्या नाहीत, त्या वेगवेगळ्या करून पाहाव्या लागतात.

पहिली तक्रार लपवण्याची. सत्य माहीत असून तुम्ही ते झाकता आणि खऱ्यात खोटे मिसळता, असे दुसरी आणि तिसरी सूरा म्हणते. मूसांचा ग्रंथ सुटी पाने करून ठेवता, काही दाखवता आणि बरेचसे दडवता, असे सहाव्या सूरेची ९१वी आयत म्हणते. दुसरी तक्रार वाचण्याच्या लबाडीची. तिसऱ्या सूरेच्या ७८व्या आयतीत जीभ वळवून वाचणाऱ्यांचा उल्लेख आहे. जे ग्रंथात नाही ते ग्रंथातलेच वाटावे, असे ते वाचतात. तिसरी तक्रार शब्द त्यांच्या जागेवरून हलवण्याची. ती चौथ्या सूरेच्या ४६व्या आणि पाचव्या सूरेच्या १३व्या व ४१व्या आयतींत आहे. 'तहरीफ' ही संज्ञा इथूनच निघाली. चौथी तक्रार विसरण्याची, म्हणजे मिळालेल्या उपदेशाचा एक भाग लोक विसरून गेले.

पाचवी तक्रार सर्वांत कडक आहे. दुसऱ्या सूरेची ७९वी आयत अशा लोकांचा धिक्कार करते, जे आपल्या हाताने मजकूर लिहितात आणि थोड्याशा मोबदल्यासाठी तो ईश्वराचा म्हणून खपवतात. मजकूर बदलला असे मानणाऱ्यांचा सर्वांत मोठा आधार हीच आयत आहे. पण तिच्या आधीची ७८वी आयतही वाचायला हवी. ग्रंथ न वाचलेल्या, ऐकीव कल्पनांवर चालणाऱ्या अडाणी लोकांविषयी ती बोलते. काहींनी धर्माच्या नावावर खोटे कागद लिहून अशा भाबड्या लोकांना विकले, असा त्याचा अर्थ लावता येतो. खुद्द तौरातीत फेरफार केला, असाही अर्थ लावता येतो. आयत कोणत्या ग्रंथाचे नाव घेत नाही, काळ सांगत नाही आणि काय बदलले तेही सांगत नाही.

शिवाय अनेक जागी कुरआन सगळ्यांना एका मापाने मोजत नाही. त्यांच्यातला 'एक गट' असे करतो, असे ते म्हणते. तिसऱ्या सूरेची ११३वी आयत तर रात्री उठून ईश्वराची वचने वाचणाऱ्या ग्रंथधारकांची वेगळी नोंद घेते आणि ते सगळे सारखे नाहीत, असे स्पष्ट बजावते.

दुजोरा आणि पहारा

एवढ्यावर थांबलो तर चित्र अर्धेच राहील. 'माइदा'च्या ४८व्या आयतीत कुरआन स्वतःला दोन कामे सांगते. एक मागच्या ग्रंथांना दुजोरा देण्याचे आणि दुसरे त्यांच्यावर 'मुहैमिन' असण्याचे, म्हणजे देखरेख ठेवून निर्णय देण्याचे. दुजोरा आहेच, पण अखेरचा शब्द आपला, असा हा अधिकार आहे.

हा अधिकार कुरआन वापरतेही. ईसांना सुळावर मारले हे ते चौथ्या सूरेच्या १५७व्या आयतीत नाकारते, तर चारही शुभवर्तमानांचा कळस तोच प्रसंग आहे. ईसांचे ईश्वरपुत्रत्व आणि त्रैक्य यांनाही कुरआनाचा नकार आहे. कुमारी मरियमच्या पोटी त्यांचा जन्म, त्यांचे चमत्कार आणि मसीहा ही पदवी मात्र त्याला मान्य आहे. पुढच्या मुस्लिम विद्वानांपुढे खरी अडचण इथेच उभी राहिली. ग्रंथ ईश्वराचा मानायचा आणि त्यातली मध्यवर्ती घटना नाकारायची, हे जुळवायचे कसे? मजकुरात किंवा अर्थात कुठेतरी बिघाड झाला असला पाहिजे, या तर्काला त्यातूनच बळ मिळाले.

त्यात इंजीलचा घोळ निराळाच आहे. कुरआनातली इंजील म्हणजे ईसांना ईश्वराने दिलेला एक ग्रंथ. ख्रिस्ती लोकांजवळ मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची चार शुभवर्तमाने आहेत. त्यांत येशूचे चरित्र आणि त्याची वचने आहेत. आकाशातून येशूच्या हाती एखादे पुस्तक आले, असा ख्रिस्ती धर्माचा दावा कधीच नव्हता. त्यामुळे 'तुमची मूळ इंजील कुठे आहे?' हा प्रश्न ऐकणाऱ्याला कळतच नाही आणि विचारणाऱ्याला तो गप्प का, हे समजत नाही.

राखण कोणाकडे दिली होती, हाही मुद्दा आहे. 'माइदा'ची ४४वी आयत सांगते, की तौरातीचे रक्षण यहुदी धर्मगुरू आणि विद्वानांवर सोपवले होते. कुरआनाबद्दल मात्र पंधराव्या सूरेच्या ९व्या आयतीत ईश्वर स्वतः राखणीची हमी घेतो. या फरकावर मुस्लिम भाष्यकारांनी पुष्कळ भर दिला आहे. माणसांवर सोपवलेली राखण चुकू शकते, हे त्यांचे म्हणणे. उलट बाजूचे विद्वान सहाव्या आणि अठराव्या सूरेतली वचने दाखवतात. ईश्वराचे शब्द कोणी बदलू शकत नाही, असे तिथे म्हटले आहे.

विद्वान काय म्हणाले?

या मतभेदाची मुळे अगदी जुन्या काळापर्यंत जातात. बुखारींच्या एकाच संग्रहात दोन्ही सूर मिळतात. एका नोंदीनुसार ईश्वराच्या ग्रंथातला शब्द कोणी काढून टाकू शकत नाही, लोक त्याचा भलता अर्थ लावतात, हीच तहरीफ. दुसऱ्या नोंदीत प्रेषितांचे चुलतबंधू इब्न अब्बास मुसलमानांना रागावतात. ग्रंथधारकांनी आपल्या हाताने लिहून ग्रंथ बदलले, मग ताजा ग्रंथ जवळ असताना तुम्ही त्यांना कशाला विचारता, असे ते म्हणतात. प्रेषितांचा एक सल्लाही तिथेच आहे. मदीनेतले यहुदी हिब्रू तौरात वाचून तिचा अर्थ अरबीत मुसलमानांना सांगत. त्याला खरेही म्हणू नका आणि खोटेही ठरवू नका, आम्हाला आणि तुम्हाला जे उतरले ते आम्ही मानतो एवढेच सांगा, असा तो सल्ला.

शब्दच बदलले हे मत सर्वांत जोराने मांडले ते अकराव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुब्याच्या इब्न हज्म यांनी. ९९४ ते १०६४ हा त्यांचा काळ. त्यांनी बायबल स्वतः बारकाईने वाचले आणि आकडे, वंशावळी, भूगोल यांतल्या विसंगती एकेक करून काढल्या. इमाम फख्रुद्दीन राझी यांचा कल वेगळा होता. ज्या ग्रंथाच्या प्रती पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत पसरल्या आहेत, त्या सगळ्या एकाच वेळी कशा बदलता येतील, हा त्यांचा प्रश्न. बदल अर्थात होतो, असे त्यांना अधिक पटत होते. चौदाव्या शतकातल्या इब्न तैमिया यांनी मधली वाट धरली. काही ठिकाणी शब्दांत फरक पडला असेल, पण मोठा बिघाड अर्थ लावण्यात आहे, असे त्यांचे म्हणणे. आपल्या देशात दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी 'अल-फौजुल कबीर' या ग्रंथात निःसंदिग्ध मत दिले, की तहरीफ भाषांतरात आणि अर्थात झाली, मूळ मजकुरात नाही. शाह वलीउल्लाहांचे नाव आज देशातल्या जवळजवळ प्रत्येक मदरशात आदराने घेतले जाते. त्यांचे हे मत मात्र फार कमी लोकांच्या कानांवर आलेले असते.

गोव्यातून गेलेले बायबल

या वादाचा एक मोठा अध्याय आपल्या गोव्यातून निघाला. अकबर बादशहाच्या बोलावण्यावरून नोव्हेंबर १५७९मध्ये रोडोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेराते आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे तीन जेझुइट गोव्याहून निघाले आणि १५८०च्या सुरुवातीला फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. अँटवर्पमध्ये प्लांटिनच्या छापखान्यात तयार झालेले अनेक भाषांतले बायबल त्यांनी भेट म्हणून नेले होते. त्याचे अनेक जाडजूड खंड होते आणि त्यांत हिब्रू, अरामी, ग्रीक, लॅटिन मजकूर शेजारी-शेजारी छापला होता. मोन्सेरातेने लिहून ठेवले आहे, की अकबराने पगडी उतरवली, एकेक खंड मस्तकाला लावला, त्याचे चुंबन घेतले आणि शुभवर्तमान यांपैकी कोणत्या खंडात आहे, असे विचारून त्याला विशेष मान दिला. तौरात-इंजीलला ईश्वराचा ग्रंथ मानणाऱ्या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे वागणे सहज सुचावे असेच होते. पुढे दरबारात मौलवी आणि पाद्री यांच्यात चर्चा सुरू झाल्या, तेव्हा पहिल्याच चर्चेत या शास्त्राचा अधिकार किती, हा विषय निघाला.

नंतरच्या मोहिमेत आलेल्या जेरोनिमो झेवियरने १६०९मध्ये फारसीत 'आईना-ए-हकनुमा' लिहिले. सत्य दाखवणारा आरसा, असा त्या नावाचा अर्थ. इस्फहानच्या सय्यद अहमद अलवींनी त्याला उत्तर दिले आणि आरसा घासून साफ करण्याच्या अवजाचे नाव आपल्या पुस्तकाला ठेवले.

१८३०च्या दशकात वादाचे केंद्र मुंबईत आले. १८२९ साली मुंबईत उतरलेले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन आणि हाजी मुहंमद हाशिम यांच्यात छापील वाद झाला. याच विल्सननी बेने इस्राएलांसाठी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले. तौरात मानणारा, इंजील मानणारा आणि कुरआन मानणारा असे तिघेही एकाच शहरात आपापले ग्रंथ छापून वाचू लागले होते.

वादाला निर्णायक वळण मिळाले ते आग्र्यात. १० आणि ११ एप्रिल १८५४ रोजी मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी कार्ल फांडर यांच्यात जाहीर सभा झाली. विषय पाच ठरले होते, पण दोन दिवसांत चर्चा झाली ती नस्ख (नव्या ग्रंथाने आधीचा रद्द होणे) आणि तहरीफ या दोनच विषयांवर. फांडरचा युक्तिवाद असा, की कुरआन ज्या ग्रंथांना दुजोरा देते ते सातव्या शतकात होते तेच आजही आहेत. कैरानवींचे सहकारी डॉ. वजीर खान यांच्याजवळ युरोपातल्या बायबल-समीक्षेची पुस्तके होती. बायबलच्या हस्तलिखितांत पाठभेद आहेत, हे त्यांनी त्या आधारे दाखवले आणि नकलकारांच्या चुका झाल्याचे फांडरला मान्य करावे लागले. कैरानवींचा 'इजहारुल हक' हा अरबी ग्रंथ १८६४ साली इस्तंबूलमध्ये छापला गेला. आज जगभरच्या मुस्लिम वक्त्यांच्या तोंडी बायबलविषयी जे मुद्दे असतात, त्यांतले पुष्कळसे तिथून आलेले आहेत. जवळपास त्याच वर्षांत सर सय्यद अहमद खान यांनी मात्र बायबलवर मुस्लिम दृष्टीने सन्मानपूर्वक भाष्य लिहायला घेतले आणि तहरीफ मुख्यतः अर्थाची, ही शाह वलीउल्लाहांची भूमिका पुढे नेली.

मजकूर टिकतो कसा?

आज आपल्याजवळ हस्तलिखितांचा असा पुरावा आहे, जो इब्न हज्म किंवा राझी यांच्याजवळ नव्हता. मृत समुद्राच्या काठी कुमरानच्या गुहांत १९४७ साली यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची जी गुंडाळी मिळाली, ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची आहे. हिब्रू बायबलची सर्वांत जुनी संपूर्ण दिनांकित प्रत इ.स. १००८च्या सुमाराची. मधे हजारएक वर्षे गेली. शब्दांचे आणि स्पेलिंगचे फरक पुष्कळ आहेत, तरी ग्रंथ तोच आहे. नव्या कराराची सिनाईच्या मठात सापडलेली ग्रीक प्रत चौथ्या शतकातली, म्हणजे प्रेषित मुहंमदांच्या जन्माच्या सुमारे दोनशे वर्षे आधीची. तेव्हा सातव्या शतकात ख्रिस्ती लोकांच्या हाती असलेली शुभवर्तमाने आजच्यासारखीच होती. त्याच वेळी त्या जुन्या प्रतीत मार्काच्या शेवटची बारा वचने नाहीत आणि योहानातली व्यभिचारी स्त्रीची गोष्टही नाही. पाठभेदांचा मुद्दा काल्पनिक नाही आणि 'सगळे बदलले' हेही खरे नाही, असे दोन्ही या पानांवरून कळते.

कुरआनाच्या बाजूला बर्मिंगहॅम विद्यापीठातली पाने आहेत. त्यांचे चामडे कार्बन-चाचणीनुसार इ.स. ५६८ ते ६४५ या काळातले आहे आणि मजकूर आजच्या कुरआनाशी जुळतो. येमेनमध्ये सना इथल्या मोठ्या मशिदीत १९७२ साली जी पाने सापडली, त्यांतल्या एका प्रतीवरचा जुना मजकूर पुसून वर पुन्हा लिहिलेले आहे. त्या खालच्या थरात काही शब्द आणि सूरांचा क्रम थोडा वेगळा दिसतो.

प्रत्येक समाजाने आपला ग्रंथ जपण्याची आपापली रीत घडवली. सिनेगॉगमधली तौरात आजही चामड्यावर हाताने लिहितात. तिची ३,०४,८०५ अक्षरे मोजलेली असतात. एखादे अक्षर चुकले किंवा पुसले, तर दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचायला काढत नाहीत. सोलापुरातल्या कोणत्याही मोठ्या मशिदीत रमजानच्या रात्री तरावीहला उभे राहिले की दुसरी रीत दिसते. हाफिज पाठ म्हणत असतात, मागे दुसरे हाफिज कान देऊन उभे असतात आणि एक शब्द अडखळला की तिथेच ते 'लुकमा' देऊन चूक सुधारतात. ख्रिस्ती अभ्यासकांनी तिसरी वाट धरली. हजारो हस्तलिखिते एकमेकांशी ताडून ते पाठ ठरवतात आणि शंका असलेल्या वचनाखाली तळटीप देऊन ती वाचकाला उघड सांगतात.

वाचकाला विनंती

मराठीत ही जाण रुजवण्याचे काम आधीच सुरू झाले आहे. विनोबांनी अरबी शिकून वर्षानुवर्षे कुरआन वाचले. १९६२ साली त्यांचे 'कुराणसार' प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती धर्मग्रंथाचेही त्यांनी असेच सार काढले. सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या चळवळीमागे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखे इथले अभ्यासक होते आणि मुसलमानांचे विचारविश्व मराठीत आणण्याची त्यांची तळमळ होती. आज मराठी बायबल आणि कुरआनाचे मराठी अनुवाद दोन्ही मिळतात.

तेव्हा कोणी 'बायबल बदलले' म्हणाले किंवा कोणी 'कुरआन आमचाच ग्रंथ खरा ठरवते' म्हणाले, तर लगेच होय किंवा नाही म्हणू नका. 'माइदा'च्या ४१ ते ४८ या आठ आयती सलग वाचा. तक्रार, तौरातीची साक्ष, इंजीलचा मान, कुरआनाचा पहारा हे सारे तिथे एका ठिकाणी आहे. त्यांतल्या शेवटच्या आयतीत एक गोष्ट स्पष्ट केली आहे. प्रत्येक समाजाला ईश्वराने वेगळा कायदा आणि वेगळी वाट दिली. त्याच्या मनात असते तर त्याने सगळ्यांना एकच समाज केले असते. म्हणून सत्कर्मांत एकमेकांपुढे जाण्याची चढाओढ करा आणि मतभेदांचा निकाल त्याच्यावर सोडा, असे ती सांगते. या प्रश्नावर कुरआनाची भूमिका कोणती, असे एका वाक्यात कोणी विचारले, तर माझ्या मते तिचे उत्तर ही आयत आहे.